पेंटहाउसमधला रखवालदार

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, सेंट्रल पार्कच्या आग्नेय कोपऱ्यासमोर, बर्गडॉर्फ गुडमन नावाचे दुकान आहे. १९२८ साली ते या जागेत आले, तेव्हा मालक एडविन गुडमन यांनी सर्वांत वरच्या मजल्यावर स्वतःचे बिऱ्हाड थाटायचे ठरवले. अडचण कायद्याची होती. इमारतीत शिवणकामाचे कारखाने चालत होते, आणि जिथे कारखाना आहे तिथे रखवालदाराखेरीज कोणी राहू नये, असा शहराचा नियम होता. गुडमन यांनी सरळ मार्ग शोधला. कागदोपत्री त्यांनी आपली आणि पत्नी बेल यांची नोंद इमारतीचे रखवालदार म्हणून केली. शहरातल्या सर्वांत महाग दुकानाचा धनी सरकारदरबारी त्याच दुकानाचा झाडलोट करणारा ठरला.

ही हकिकत सांगणारा माहितीपट २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मॅथ्यू मिएली. नाव ‘स्कॅटर माय अ‍ॅशेस अ‍ॅट बर्गडॉर्फ्स’, म्हणजे माझी रक्षा बर्गडॉर्फला विखुरा. त्याच्या तीस वर्षे आधी, १९८३ मध्ये, फ्रेडरिक वाइजमन यांनी टेक्सासमधल्या डॅलस शहरातल्या नीमन मार्कस या तितक्याच श्रीमंती दुकानावर ‘द स्टोअर’ नावाचा माहितीपट केला होता. हे दोन्ही चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे श्रीमंतांची खरेदी नावाची गोष्ट नेमकी कोणाच्या बळावर चालते ते दिसू लागते. ही प्रस्तावना त्यासाठीच आहे. चित्रपट पाहण्यापूर्वी दोन्ही दुकानांची कुंडली ठाऊक असली, तर पडद्यावरच्या झगमगाटात डोळे दिपत नाहीत आणि नजर कामाच्या जागी जाते.

मिएली यांच्या चित्रपटाच्या नावामागे एक व्यंगचित्र आहे. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात १९९० साली व्हिक्टोरिया रॉबर्ट्स यांनी ते काढले होते. दोन वयस्क बायका गप्पा मारत बसल्या आहेत आणि त्यांतली एक आपल्या मृत्यूनंतरची इच्छा सांगते आहे. रक्षा कुठे टाकायची, तर बर्गडॉर्फवर. मराठी माणूस आपल्या माणसाची रक्षा नाशिकला गोदावरीत सोडतो, पंढरपूरला चंद्रभागेत सोडतो. त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या बाईने दुकानाला तीर्थक्षेत्राचा मान दिला आहे. व्यंगचित्र हसवते हे खरे, पण एखाद्या स्त्रीच्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे दिवस, म्हणजे साखरपुडा, लग्न, मुलांचे समारंभ, नवऱ्याची बढती, एकाच दारातून कपडे घेऊन साजरे झाले असतील, तर त्या दाराविषयी तिला असे काही वाटणे अगदीच अनाकलनीय नाही.

दुकानाची सुरुवात मात्र शिंप्याच्या कात्रीपासून झाली. हर्मन बर्गडॉर्फ हा मूळचा आल्सास प्रांतातला. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या ओढाताणीत सापडलेल्या त्या मुलखातून तो न्यूयॉर्कला आला आणि बायकांचे सूट बेतण्यात त्याने नाव कमावले. १८९९ साली एडविन गुडमन त्याच्याकडे शिकाऊ म्हणून लागला. वय अवघे तेवीस. दोन वर्षांत तो भागीदार झाला, आणि पुढे काही वर्षांनी बर्गडॉर्फने आपला वाटा त्याला विकून पॅरिसची वाट धरली. पाटीवर पहिले नाव बर्गडॉर्फचे राहिले, दुकान मात्र गुडमनचे.

गुडमन यांची खरी करामत १९१४ च्या सुमाराची. त्या काळी श्रीमंत बाई तयार कपडे घालत नसे. मापे द्यायची, कापड निवडायचे, दोन-तीनदा अंगावर घालून पाहायचे आणि मग पोशाख घरी यायचा. तयार कपडा म्हणजे सामान्यांचा कपडा, अशी पक्की समजूत होती. उंची शिवणकाम करणाऱ्या दुकानाने स्वतःच तयार पोशाख विकायला ठेवावेत, हे गुडमन यांनी अमेरिकेत फार लवकर करून दाखवले. कारण उघड आहे. एका बाईसाठी बेतलेला झगा एकदाच विकला जातो, तर चांगल्या बेताचा तयार झगा अनेकींना विकता येतो. मापाच्या शिवणकामाचे सलून तरीही चालू राहिले आणि १९६९ मध्ये बंद झाले. पुढे बायका ज्या दुकानाच्या प्रेमात पडल्या, ते दुकान या एका हिशेबावर उभे राहिले.

आजची इमारत ज्या जमिनीवर आहे, तिथे आधी कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे यांचा वाडा होता. न्यूयॉर्क शहरात एका कुटुंबासाठी बांधलेले सर्वांत मोठे घर म्हणून तो ओळखला जाई. रेल्वेच्या पैशावर उभा राहिलेला हा वाडा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाडला गेला. त्याचे लोखंडी प्रवेशद्वार मात्र वाचले. सेंट्रल पार्कच्या उत्तर भागात, १०५ व्या रस्त्यापाशी, काँझर्व्हेटरी गार्डनच्या तोंडाशी ते आजही उभे आहे आणि कोणीही त्यातून आत जाऊ शकतो. वाडा गेला आणि त्याच जागी वाड्यात राहणाऱ्यांना कपडे पुरवणारे दुकान आले. मिएली यांचा चित्रपट या अदलाबदलीपाशी फार थांबत नाही. थांबायला हवे होते.

चित्रपट थांबतो तो किश्श्यांपाशी. एलिझाबेथ टेलरने नाताळच्या भेटी म्हणून मिंकच्या फरची कान झाकायची आवरणे दोनशे जोड मागवली होती. जॉन लेनन आणि योको ओनो यांनी एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी सत्तरहून अधिक फर कोट घेतले होते. हे किस्से खुसखुशीत आहेत आणि सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे. कार्ल लागरफेल्ड, जॉर्जो अरमानी, ख्रिस्तियन लूबूताँ असे एकाहून एक नामवंत डिझायनर कॅमेऱ्यासमोर येऊन दुकानाचे गुण गातात. यातली एक गोष्ट मात्र किश्श्यापलीकडची आहे. समोरच्या एका दुकानात एक पोरगेला तरुण काचेमागे मांडणी करत होता. बर्गडॉर्फच्या फॅशन विभागाच्या प्रमुख डॉन मेलो रस्त्यावरून जाताना थबकल्या आणि हे कपडे कोणाचे, असे त्यांनी विचारले. त्याचेच होते. तो तरुण म्हणजे मायकेल कोर्स. १९८१ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने काम सुरू केले, तेव्हा बर्गडॉर्फने त्याचे कपडे ठेवले. दुकानाची सत्ता कशात असते ते या प्रसंगात कळते. गिऱ्हाइकाच्या पैशाइतकीच ती खरेदी अधिकाऱ्याच्या डोळ्यात असते, आणि त्या डोळ्याने हो म्हणावे म्हणून तरुण डिझायनर वर्षानुवर्षे वाट पाहतात.

या दुकानाच्या इतिहासातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६१ च्या जानेवारीत केनेडी यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या दिवशी जॅकलीन केनेडी यांच्या डोक्यावर असलेली बिनकाठाची गोल टोपी हॉल्स्टन यांनी केलेली होती, आणि हॉल्स्टन तेव्हा बर्गडॉर्फच्या टोप्यांच्या विभागात नोकरीला होते. त्याच सोहळ्यातल्या नृत्यसमारंभाचा पांढरा पोशाखही जॅकलीनबाईंच्या रेखाटनांवरून बर्गडॉर्फच्या शिवणसलूनमध्ये तयार झाला. हॉल्स्टन पुढे स्वतंत्र झाले आणि अमेरिकेतले आघाडीचे नाव बनले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत मुंबईच्या वस्त्रव्यवसायातल्या कुटुंबातून आलेला एक मुलगा होता, नईम खान. २००९ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये मेजवानी झाली, तेव्हा मिशेल ओबामा यांनी घातलेला भरजरी झगा याच नईम खान यांचा. त्यांचे भरतकाम भारतातल्या कारखान्यांत होते, आणि त्यांचे पोशाख बर्गडॉर्फमध्ये विकले गेले आहेत. कारचोबाच्या चौकटीभोवती मांडी घालून बसलेले, आरीच्या टोकाने एकेक टिकली लावणारे कारागीर फिफ्थ अव्हेन्यूच्या त्या मजल्यांवर नावानिशी कधी दिसत नाहीत. पण त्या झग्याच्या किमतीतला मोठा भाग त्यांच्या बोटांचा आहे, हे मराठी प्रेक्षकाने विसरू नये.

चित्रपटाचा प्राण म्हणजे बेटी हॅलब्राइक. शिकागोत १९२७ साली जन्मलेल्या, सुखवस्तू घरातल्या या बाईंचा संसार मोडला. मन इतके खचले की त्यांना रुग्णालयात राहावे लागले. १९७६ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या बर्गडॉर्फमध्ये नोकरीला लागल्या. साधी विक्री त्यांना जमेना. गल्ल्यावरचे यंत्र चालवणेही जमेना. मग त्यांनी स्वतःच एक काम निर्माण केले. येणाऱ्या बाईला आपल्या खोलीत बसवायचे, तिच्याशी बोलायचे, दुकानभर फिरून तिच्यासाठी कपडे गोळा करायचे आणि आरशासमोर तिला खरे ते सांगायचे. हे तुम्हांला शोभत नाही, हे घेऊ नका, तुमच्या कपाटात याहून चांगले आहे. दुकानाच्या नोकरीत राहून ‘घेऊ नका’ म्हणणारी ही बाई चाळीस वर्षांहून जास्त टिकली, कारण तिच्या नकारामुळे तिच्या होकारावर विश्वास बसायचा.

चित्रपटात त्यांना विचारले जाते की ही नोकरी नसती तर काय केले असते. त्या एका शब्दात उत्तर देतात: दारू प्यायले असते. सभागृहात इथे हशा होतो. ज्याला त्यांचे आयुष्य ठाऊक आहे त्याला मात्र हे उत्तर अगदी खरे वाटेल. कपडे बदलायच्या खोलीत बाई फक्त कपडे उतरवत नाही. घटस्फोट, आजारपण, वाढलेले वजन, न येणारा फोन, सगळे तिथे बाहेर पडते, आणि स्वतः पडून उठलेली बाई ते ऐकून घेते. दीड तासाच्या चित्रपटात श्रीमंतीविषयी जे सर्वांत खोल कळते ते या खोलीत कळते: गिऱ्हाइकाकडे पैसा भरपूर आहे, खरे बोलणारे माणूस मात्र जवळ कोणी नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे दर्शनी काचा. बर्गडॉर्फच्या नाताळच्या सजावटीसाठी लोक मुद्दाम फिफ्थ अव्हेन्यूवर येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी दुकानात कधी पाऊल टाकलेले नसते. डेव्हिड होई आणि लिंडा फार्गो यांच्या चमूची २०११ ची तयारी कॅमेऱ्याने टिपली आहे. त्या वर्षीची कल्पना होती प्राण्यांची जत्रा, साँ-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या रचनेवरून घेतलेली. एका काचेमागे पितळी प्राण्यांचा मेळा, तर दुसरीत मोझेइकच्या बारीक तुकड्यांतून घडवलेले जलचर. अशा काचेवर जवळजवळ वर्षभर आधीपासून काम चालते. सुतार, रंगारी, शिल्पकार, जुन्या वस्तू हुडकून आणणारे, सगळे राबतात. शेवटच्या रात्री काचेवर कागद लावलेला असताना आत पिना, गोंद आणि शिडी यांची धांदल उडालेली असते. हा भाग कोणत्याही गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला ओळखीचा वाटेल. आदल्या रात्रीपर्यंत मखर अपुरेच असते आणि सकाळी मात्र सारे जागच्या जागी असते.

याच शरद ऋतूत, त्याच शहरात, काही किलोमीटर दक्षिणेला झुकोटी पार्कमध्ये तरुणांनी तंबू ठोकले होते. २०११ च्या १७ सप्टेंबरला सुरू झालेले वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलन देशाची संपत्ती एक टक्का लोकांच्या हाती का, असे विचारत होते, आणि १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी ते तंबू उठवले. नाताळच्या काचांवरचे पडदे सरकवायचे दिवसही तेच. या दोन घटना एकमेकांसमोर ठेवणारी एक चौकट जरी मिएली यांनी चित्रपटाच्या मध्यावर ठेवली असती, तरी त्यांचे काम दुप्पट वजनदार झाले असते. पुढे त्यांनी टिफनी या दागिन्यांच्या पेढीवर आणि कार्लाइल या हॉटेलवरही चित्रपट केले, तेही असेच प्रेमाने. अनेक समीक्षकांनी ‘स्कॅटर माय अ‍ॅशेस’ला लांबलेली जाहिरात म्हटले. तो आक्षेप निराधार नाही. दुकानाने दारे उघडली आणि चित्रपटाने त्याची परतफेड स्तुतीने केली. तरीही तो टाकाऊ ठरत नाही. हॅलब्राइकबाई आणि काचेमागचे कारागीर जाहिरातीत मावत नाहीत.

आता डॅलसकडे. नीमन मार्कस हे दुकान १९०७ साली हर्बर्ट मार्कस, त्यांची बहीण कॅरी आणि मेव्हणे अल नीमन यांनी काढले. पुढे टेक्सासच्या जमिनीतून तेल वर आले आणि ज्यांच्या घरात कालपर्यंत सुती कपडा होता, त्यांच्या बायका पॅरिसचे झगे मागू लागल्या. त्यांना काय घालावे हे शिकवणारे दुकान म्हणून नीमन मार्कसची ख्याती झाली. हर्बर्ट यांचे पुत्र स्टॅनली मार्कस यांनी नाताळच्या कॅटलॉगला जगप्रसिद्ध केले. १९६० मध्ये त्या कॅटलॉगात नवऱ्यासाठी एक आणि बायकोसाठी एक अशी विमानांची जोडी विकायला होती. १९७१ मध्ये इजिप्तच्या ममींच्या शवपेट्यांची जोडी होती.

वाइजमन या दुकानात १९८२ च्या अखेरीस कॅमेरा घेऊन शिरले. नाताळचा हंगाम आणि दुकानाचा पंचाहत्तरावा वाढदिवस एकत्र आले होते. त्यांची रीत मिएली यांच्या अगदी उलट. निवेदन नाही, मुलाखत नाही, वरून चढवलेले संगीत नाही. पडद्यावर कोणाचे नाव येत नाही. ते स्वतः ध्वनिमुद्रणाचा माइक धरत आणि कॅमेरामन सोबत असे. समोर घडते ते घडू द्यायचे आणि नंतर महिनोन्महिने बसून जुळवायचे, हे त्यांचे तंत्र. याच तंत्राने त्यांनी मनोरुग्णांचा तुरुंग, शाळा, रुग्णालय हे सारे चित्रित केले होते. १९७५ मध्ये ‘वेल्फेअर’ या चित्रपटात न्यूयॉर्कमधल्या सरकारी मदत कचेरीतल्या रांगा दाखवल्या होत्या. तिथे काउंटरपलीकडून लोकांना कागद कमी आहेत, उद्या या, असे सांगितले जाते. आठ वर्षांनी आलेल्या ‘द स्टोअर’मध्ये पुन्हा काउंटर आहे, आणि इथे पलीकडचा माणूस मऊ आवाजात विचारतो की आणखी काय दाखवू. एकाच दिग्दर्शकाने एकाच देशातले हे दोन काउंटर दाखवले, आणि त्यांवर स्वतः एक शब्दही बोलला नाही.

‘द स्टोअर’मध्ये सकाळी विक्रेत्या रांगेत उभ्या राहून हाताच्या बोटांचा आणि चेहऱ्याच्या हास्याचा व्यायाम करतात. हसण्याचाही सराव असतो, तोही नोकरीचा भाग असतो. बैठकीत वरिष्ठ अधिकारी सांगतात की इथे जे काही चालते त्याचा हेतू विक्री हाच आहे. नोकरीसाठी आलेली एक तरुणी मुलाखतीत स्वतःचे गुण इतक्या तळमळीने मांडते की तीच विकायला ठेवलेली वस्तू वाटू लागते. सेबलचा कोट अंगावर चढवून गिऱ्हाईक आरशात पाहते, आणि तिच्या मागे उभ्या विक्रेतीचे डोळे मात्र गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. मग कॅमेरा मागच्या खोल्यांत जातो. तिथे शिलाईयंत्रे आहेत, बांधाबांध आहे, स्वयंपाक आहे. पुढच्या दालनातली शांतता मागच्या खोल्यांतल्या खडखडाटावर उभी आहे, हे जवळजवळ दोन तासांत प्रेक्षक स्वतः शोधून काढतो.

दादरच्या किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस पन्नास साड्या उलगडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन दाखवतो आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठले तरी पुन्हा घड्या घालायला लागतो. त्याचे श्रम मराठी प्रेक्षकाने आयुष्यभर पाहिलेले आहेत. त्याच सवयीने हे दोन्ही चित्रपट पाहावेत. मुंबईतही आता हे जग जवळ आले आहे. २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात परदेशी ब्रँडचा मोठा मॉल उघडला, २०२५ मध्ये फोर्टात पॅरिसच्या गॅलरी लाफायेतचे दुकान आले. त्या चकचकीत मजल्यांवर दिवसभर उभी राहणारी मुलगी विरार, कल्याण नाहीतर नेरळहून लोकलने आलेली असू शकते.

दोन्ही दुकानांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. एडविन यांचे पुत्र अँड्र्यू गुडमन यांनी १९७२ मध्ये बर्गडॉर्फ विकले, जागा मात्र कुटुंबाकडे ठेवली. घेणारी कंपनी तीच होती, जिने तीन वर्षे आधी नीमन मार्कस घेतले होते. म्हणजे वाइजमन डॅलसमध्ये चित्रण करत होते तेव्हा ही दोन्ही दुकाने एकाच मालकाची होती. रखवालदाराच्या नावावर नोंदलेल्या त्या घरात पुढे केशरचनेचे सलून चालले. न्यूयॉर्कमधली जुनी प्रतिस्पर्धी दुकाने एकेक करून गेली: बी. ऑल्टमन १९९० च्या आसपास, हेन्री बेंडेल २०१९ मध्ये, बार्नीज २०२० मध्ये. त्याच वर्षी नीमन मार्कसनेही दिवाळखोरीचा अर्ज केला आणि काही महिन्यांत त्यातून बाहेर आले. २०२४ च्या डिसेंबरात सॅक्स या प्रतिस्पर्धी दुकानाच्या मालक कंपनीने नीमन मार्कस आणि बर्गडॉर्फ दोन्ही विकत घेतले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला बेटी हॅलब्राइक वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारल्या.

दोन्हींत मोठा चित्रपट वाइजमन यांचा, यात शंका नाही. तरी वाचकाने आधी मिएली यांचा पाहावा, त्यातले किस्से मनसोक्त ऐकावेत, हॅलब्राइकबाईंना भेटावे, आणि दुसऱ्या दिवशी ‘द स्टोअर’ लावावा. त्यात गिऱ्हाईक आरशासमोर उभे राहील, तेव्हा नजर तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईवर ठेवावी.